अल्प भाड्याच्या खोल्या आणि उन्हाळा
(वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या समाजाने अल्प भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधण्याचे योजिले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यासंबंधी एकच विचार आपणांपुढे ठेवतो. इमारत मालक बांधतो, परंतु विजेचे बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे बांधकामातील अस्थानी काटकसरीचा भार वर्षानुवर्षे गरिबाच्या शिरावर पडतो.

वरच्या मजल्यास उन्हाचा ताप मुख्यतः गच्चीतून पोहोचतो. गच्चीस पांढरा चुना अथवा परावर्तक रंग दिल्यास तो पुष्कळ कमी होतो. तेलंगण सरकारने २०२३ साली याच हेतूने शीतल छतांचे धोरण स्वीकारले. दक्षिणेचे ऊन छज्जाने अडते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जास जुमानीत नाही. म्हणून त्या अंगास जिना व न्हाणीघरे ठेवावीत. दार व खिडकी समोरासमोर असल्यास वारा खेळता राहतो. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त उष्ण व दमट प्रदेशासाठी उघडणाऱ्या दारे-खिडक्यांचे प्रमाण जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश सांगितले आहे.

हे सर्व नकाशा कागदावर असतानाच ठरवावयाचे असते. भिंती उभ्या राहिल्यावर पंखे आणि कूलर यांवाचून गत्यंतर उरत नाही. बांधकाम समितीने नकाशा मंजूर करण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे. जेथे वृद्ध माणूस आणि तान्हे मूल वैशाखातील दुपारी स्वस्थ निजू शकते, तीच खरी स्वस्त खोली.