वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावयाचा कागद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करावी हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तथापि औषधाची चिठ्ठी, निवृत्तिवेतनाची सूचना, मंडळाचे परिपत्रक असे जे कागद आपण त्यांच्या हाती देतो, ते त्यांस वाचून उमगतात की नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते व उतारवयात पिवळसर पडते. मग बारीक टाइप आणि फिकट शाई वाचणे कष्टाचे होते. देवनागरी १ व ९ हे आकडे तर तरुणांसही चकवितात. म्हणून अक्षर ठसठशीत, शाई काळी व कागद पांढरा असावा. आकडा अक्षरांतही लिहावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. ‘जेवणानंतर गोळी घ्यावी, तत्पूर्वी रक्तदाब मोजावा’ हे वाक्य वाचणारास मनात उलटे करावे लागते. वयोमानाने शहाणपण कमी होत नाही. परंतु अनेक गोष्टी एकदम ध्यानात धरणे जड जाते. जे आधी करावयाचे ते आधी लिहावे, व एका ओळीत एकच कृती सांगावी.

तिसरी गोष्ट नेमकेपणाची. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास ते प्राणावर बेतू शकते. तेथे ‘साप्ताहिक’ हा शब्द पुरत नाही. डॉक्टरांनी ठरविलेला वार घालून ‘फक्त सोमवारी’ असेच लिहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांस हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. वयाची ८० वर्षे पूर्ण झालेल्यांस तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. त्यांस ‘विहित मुदतीत सादर करावा’ असे कळवून काय उपयोग? महिना सांगावा, कोठे जावे ते सांगावे, सोबत काय न्यावे ते सांगावे.

शेवटी, ‘समजले ना?’ असे विचारू नये. संकोचाने उत्तर ‘हो’ असेच येते. ‘आता आपण काय कराल, ते सांगा पाहू’ असे आदराने विचारावे. उत्तर चुकले तर दोष कागदाचा मानावा, वडिलांचा नव्हे.

कार्यकारी मंडळास आमची एवढीच विनंती आहे की, प्रत्येक परिपत्रक छापण्यापूर्वी सत्तरी ओलांडलेल्या दोन सभासदांस वाचावयास द्यावे, आणि ते जेथे अडखळतील ते वाक्य बदलावे. यास खर्च नाही. थोडी आस्था मात्र लागेल.