डोंगरी सायकलीचे ब्रेक

सायकल विकत घेतांना घरांतील वडील माणसें रंग, टायर, गिअर आणि किंमत यांची चौकशी पुष्कळ करतात, ब्रेकची चौकशी मात्र "डिस्क ब्रेक आहेत ना?" एवढ्या एका प्रश्नावर संपते. दुकानदार 'आहेत' म्हणतो आणि व्यवहार पुरा होतो. शाळेपासून घरापर्यंत सपाट रस्त्यानें जाणाऱ्या मुलाच्या बाबतींत इतक्यावर भागेलहि. परंतु तोच मुलगा पुढें मित्रांबरोबर सिंहगड चढूं लागला, किंवा पावसाळ्यांत सह्याद्रीतील एखाद्या कच्च्या वाटेनें उतरूं लागला, म्हणजे हा एक प्रश्न पुरत नाहीं. चढावर सायकल नादुरुस्त झाली तर माणूस उतरून चालूं लागतो. उतारावर ब्रेक गेला तर तेवढी सवड मिळत नाहीं. म्हणून डोंगरांत जाणाऱ्या सायकलीचे ब्रेक कसे पारखावे, याचा विचार खरेदीपूर्वींच झालेला बरा.

डोंगरी सायकलीच्या इतिहासाच्या आरंभींच ही अडचण उभी राहिलेली दिसते. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत, सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, फेअरफॅक्स नांवाचें गांव आहे. त्याच्या जवळच्या डोंगरउतारावर १९७६ सालच्या ऑक्टोबरांत चार्ली केली प्रभृति तरुणांनीं जुन्या, जाड टायरच्या सायकलींची शर्यत सुरू केली. उतार सुमारें दोन मैलांचा. तेवढ्यांत सायकल सुमारें १,३०० फूट खालीं येई. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे व पेडल उलट दाबलें म्हणजे तो लागे. एका खेपेंत हब इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेपूर्वीं हब उघडून तो पुनः ग्रीसनें भरावा लागे. या पुनः भरण्याला इंग्रजींत 'रीपॅक' म्हणतात. उताराला आणि शर्यतीला तेंच नांव पडलें.

त्या धुराचें कारण समजलें म्हणजे ब्रेकचें मर्म समजलें. ब्रेक गति नाहींशी करतो असें लोक म्हणतात. वस्तुतः तो गतीचें रूपांतर उष्णतेंत करतो, आणि ती उष्णता हवेंत सोडून देणें हेंहि त्याचेंच काम असतें. स्वार व सायकल मिळून ९० किलो वजन धरलें आणि तें ४०० मीटर खालीं उतरलें, तर सुमारें साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा कोठें तरी जिरावी लागते. तेवढ्या ऊर्जेनें एक लिटर पाणी ८४ अंशांनीं तापेल. म्हणजे हिंवाळ्यांतील सकाळचें गार पाणी जवळजवळ उकळेल. यांतील कांहीं वांटा वाऱ्याचा अडथळा घेतो; पण उतार तीव्र, वळणें पुष्कळ आणि वेग बेताचा ठेवावयाचा असेल, तर बहुतेक भार ब्रेकवरच पडतो. तेव्हां ब्रेक किती जोरानें आवळतो एवढेंच पाहून चालत नाहीं; तापल्यावर तो तसाच आवळतो कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

डिस्क ब्रेकमध्यें हबला पोलादाची पातळ तबकडी बसविलेली असते आणि कॅलिपर नांवाच्या चिमट्यांतील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनीं दाबतात. तबकडी रिमपासून दूर असल्यामुळें चिखलापाण्याचा उपद्रव कमी होतो, आणि घर्षणाची उष्णता टायर-ट्यूबला जाऊन भिडत नाहीं. डोंगरी सायकलींच्या तबकड्या सामान्यतः १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर व्यासाच्या असतात. तरफेच्या नियमानें, तितक्याच दाबांत २०३ मिलिमीटरची तबकडी १६० पेक्षां सुमारें सव्वापट रोधशक्ति देते. शिवाय धातु अधिक असल्यानें ती सावकाश तापते. उतारावर वजन पुढच्या चाकाकडे झुकतें, म्हणून मोठी तबकडी पुढें असणें श्रेयस्कर. मात्र चौकट आणि पुढचा फोर्क यांना किती मोठी तबकडी सोसते हें कारखानदारानें ठरविलेलें असतें. ती मर्यादा ओलांडूं नये.

हाताचा दाब पॅडपर्यंत पोंचविण्याचे मार्ग दोन: केबल आणि द्रव. केबलचा ब्रेक स्वस्त असतो, आणि वाटेंत बिघडला तर साध्या हत्यारांनीं दुरुस्त होतो. परंतु केबल गंजते, तिच्या नळींत माती शिरते, आणि पॅड झिजले कीं अंतर हातानें जुळवून घ्यावें लागतें. द्रवाच्या ब्रेकमध्यें पॅड झिजतील तसतसें अंतर आपोआप जुळतें, आणि एका बोटाच्या दाबानेंहि तो नेमका लागतो. दीर्घ उतारावर बोटें भरून येत नाहींत, हा लाभ लहान नव्हे.

हा द्रवहि दोन जातींचा असतो. कांहीं ब्रेकांत खनिज तेल असतें, तर कांहींत 'डॉट' वर्गाचा द्रव असतो. डॉट द्रव हवेंतील पाणी शोषतो. ताज्या 'डॉट ४' चा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या द्रवासाठीं प्रमाण निदान १५५ अंशांचें आहे. द्रव उकळला कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात, आणि लीव्हर हँडलपर्यंत दाबला जाऊनहि चाक थांबत नाहीं. म्हणून द्रव ठराविक मुदतीनें बदलावा, आणि एकाच्या जागीं दुसरा कधींहि घालूं नये. आंतील रबरी सील त्यानें बिघडतात.

पॅडची निवड याहून नाजूक आहे. रेझिनचे पॅड थंड असतांच चांगले धरतात, आवाज कमी करतात व स्वस्त असतात; पण वाळूमिश्रित चिखलांत ते लवकर झिजतात आणि फार तापले तर त्यांवर तकाकी येऊन पकड कमी होते. धातूची भुकटी दाबून व तापवून केलेल्या पॅडांना 'सिंटर्ड' म्हणतात. ते चिखलांत व उष्णतेंत अधिक टिकतात. पण आवाज करतात, थंड असतां थोडे मंद असतात आणि उष्णता द्रवाकडे अधिक पोंचवितात. येथें एक धोका ध्यानांत ठेवावा. पुष्कळ स्वस्त तबकड्यांवर 'फक्त रेझिन पॅड' अशी सूचना इंग्रजींत कोरलेली असते. त्यांचें पोलाद नरम असतें. सिंटर्ड पॅड त्यांना खरडून टाकतो.

यावरून निवड सोपी होते. शहरांतल्या शहरांत फिरणाऱ्यास १६० मिलिमीटरची तबकडी, केबल आणि रेझिन पॅड पुरे. दर रविवारीं घाट उतरणाऱ्यानें, विशेषतः तो वजनदार असल्यास, द्रवाचा ब्रेक व पुढें निदान १८० मिलिमीटरची तबकडी घ्यावी. पावसाळ्यांतील चिखलवाटांचा शौक असेल तर सिंटर्ड पॅड आणि ते सोसणारी तबकडी घ्यावी.

चांगला ब्रेकहि घरच्या हयगयीनें वायां जातो. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालण्याची संवय घरोघरीं असते. तीच माया ओरडणाऱ्या तबकडीवर दाखविली तर पॅड तेल पितात आणि ब्रेक निकामी होतो. तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी व तिला बोटें लावूं नयेत. नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या, सपाट जागीं सायकल बेताच्या वेगांत आणून, चाक जखडूं न देतां, वीसएक वेळां हळूहळू मंद करावी. त्यानें पॅडचा पातळ थर तबकडीवर बसतो आणि पकड येते. पॅडवरचा घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर येण्यापूर्वींच तो बदलावा. उतारावर ब्रेक सतत घासत न ठेवतां वळणापूर्वीं नीट दाबावा व मग सोडावा, म्हणजे तबकडीला निवावयास अवसर मिळतो.

सारांश, दुकानांत एका प्रश्नाच्या जागीं चार प्रश्न विचारावे: तबकडी किती व्यासाची? दाब केबलचा कीं द्रवाचा? द्रव असल्यास कोणत्या जातीचा? आणि या तबकडीवर कोणते पॅड चालतात? ज्या दुकानदारास यांचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याच्याकडून डोंगरांत नेण्याची सायकल घेऊं नये. पैशाची काटकसर करावयाचीच झाली तर ती गिअरांच्या संख्येंत किंवा रंगांत करावी. ब्रेकमध्यें करूं नये.