हाडांचा ठिसूळपणा : धोका कोणाला?

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाचा सारांश)



मंदिराच्या पायरीवर एखादी आजी घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि घरचे म्हणतात, ‘पडल्यामुळे मोडले.’ वस्तुतः ते हाड कित्येक वर्षे आतून विरळ होत आलेले असते. पडणे हे निमित्त. हीच अस्थिविरलता, अर्थात ऑस्टिओपोरोसिस. हाड मोडेपर्यंत ती सहसा दुखत नाही, म्हणून कळत नाही.

साधारण तिशीपर्यंत हाडांची गंगाजळी भरते, पुढे ती खर्च होते. रजोनिवृत्तीनंतर हा खर्च झपाट्याने वाढतो. ज्यांची पाळी पंचेचाळिशीपूर्वी थांबली, अंडाशये काढली गेली, शरीर कृश आहे, आईवडिलांचा खुबा मोडला होता, दमा वा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी सावध असावे. तंबाखू, मिश्री, मद्य आणि बैठे जीवन धोका वाढवितात. वृद्ध पुरुषही अपवाद नाहीत.

आपले भवानीनगर साखर कारखान्याचे गाव. ऊसतोडणी भगिनींचे कष्ट आपण जवळून पाहतो. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली, तर ऐन तारुण्यात हाडांची झीज सुरू होते. करुणा हा आपला धर्म. आपल्या आरोग्य शिबिरांत त्यांनाही स्थान असावे.

शाकाहार हा दोष नव्हे. दूध, तीळ, नाचणी यांत भरपूर कॅल्शियम आहे. रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिळते. आयंबिलात मात्र दूध-दही वर्ज्य असते. नऊ दिवसांच्या ओळीने काही बिघडत नाही. परंतु वर्षानुवर्षे दीर्घ तप करणाऱ्या भगिनींनी वैद्यकीय सल्ला घ्यावा व इतर काळात उणीव भरून काढावी. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन अंगावर घ्यावे. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून औषध टाळू नये, शाकाहारी पर्याय मागावा.

धोका असणाऱ्यांनी डेक्सा तपासणी करून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास उपचार आवश्यक असतात, आणि ते उपलब्ध आहेत.

उतारवयातही मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, सामायिकास स्थिर बसता यावे, यासाठी हाडांची काळजी आजच घेऊ या. जय जिनेंद्र!