मोकळ्या तट्टांची राखण



इंग्लंडात केंब्रिजनजीकची विकन फेन ही पाणथळ भूमी नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९९ पासून राखीत आली आहे. तेथे २००१ पासून कोनिक जातीची तट्टे मोकळी चरतात व झुडपांची दाटी रोखतात. त्यांना ना लगाम, ना तबेला. तरीही स्वयंसेवक नेमाने फेरी घालतात, शिरगणती करतात, कोणी लंगडते काय, कोणास जखम आहे काय, हे दुरूनच न्याहाळतात. गोंजारणे, खाऊ घालणे मात्र वर्ज्य.

सरकारी सेवेत आम्ही देखरेख म्हणजे हुकमत असेच समजत आलो. लक्ष असावे, लगाम नसावा, हे त्या राखणदारांकडून आम्ही उशिरा शिकलो. मंडळाची सूत्रे तरुणांहाती सोपविताना आम्हां ज्येष्ठांना हाच धडा गिरवावयाचा आहे.