एका बाजूचा जबडा दुखतो तेव्हा

(शिरूर येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्ते आणि महिलांच्या आरोग्य मेळाव्यात एका दंतवैद्याने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय, दौंडहून चौफुला-न्हावरे रस्त्याने धक्के खात इथपर्यंत आलेल्या भगिनींनो आणि शिरूरच्या माझ्या मित्रांनो,



मी दातांचा डॉक्टर. आठवड्यातले चार दिवस शिरूरला बसतो, दोन दिवस दौंडला. दोन्हीकडे रोज कुणी ना कुणी गालावर हात ठेवून येतं आणि म्हणतं, "डॉक्टर, ही एकच बाजू दुखते. दाढ काढून टाका." आज या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण त्यात दुखणं खरं असतं, पण दाढेचा दोष प्रत्येक वेळी असतोच असं नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दवाखाना नवा होता. दौंड तालुक्यातल्या एका गावातून एक खाला आल्या, वय साठीच्या आसपास. उजवा खालचा जबडा. त्यांनी सांगितलं, "बेटा, वजू करताना तोंडावर पाणी घेतलं की वीज चमकते. क्षणभरच, पण जीव जातो." मी ऐकलं आणि मनात म्हटलं, थंड पाण्याची कळ असणार. एक्स-रेमध्ये दाढ चांगली दिसत होती. पण त्या रडत होत्या, आग्रह करत होत्या, आणि मी दाढ काढली. त्याआधी दुसरीकडे दोन दाढा काढून झाल्याच होत्या. दोन दिवसांनी कळ परत आली. घरात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी ताईत आणला. शेवटी पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. गोळ्या सुरू झाल्या, कळ आटोक्यात आली. काही महिन्यांनी त्या मला मुद्दाम भेटायला आल्या. हसत म्हणाल्या, "आता माझी दाढ परत दे." मला हसता आलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी अचूक निदान सांगितलं होतं. मी ते ऐकलं नव्हतं.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस दोन्ही बाजूंना असते. बऱ्याचदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाब देते आणि नसेचं आवरण झिजतं. मग तोंड धुणं, दात घासणं, घास चावणं, वाऱ्याची झुळूक, एवढंही पुरतं. विजेच्या झटक्यासारखी कळ येते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटं टिकते आणि जाते. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. अभिनेता सलमान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. यावर नेहमीची वेदनाशामक गोळी चालत नाही. कार्बामाझेपिन नावाचं औषध बहुतेकांना लागू पडतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून, रक्त तपासत घ्यायचं असतं. औषध पुरेनासं झालं तर शस्त्रक्रियाही आहे. दाढ काढणं हा त्यावरचा इलाज नाही.

त्या दिवसापासून मी तोंडात आरसा घालण्याआधी चार प्रश्न विचारतो. कधी दुखतं? किती वेळ दुखतं? कशाने वाढतं? सोबत आणखी काय होतं? हे प्रश्न तुम्ही घरीही विचारू शकता.

गोड किंवा थंड लागलं की ठणका, रात्री आडवं झालं की जास्त, एका दाढेवर बोट ठेवून दाखवता येतं. हे बहुतेक किडलेल्या दाढेचं दुखणं. अठरा ते पंचवीस वयात अगदी मागे दुखत असेल, तोंड उघडायला त्रास होत असेल, तर अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजलेली असू शकते. यावर अँटिबायोटिकच्या चार गोळ्या म्हणजे इलाज नव्हे. सूज उतरते, कीड तिथेच राहते. मुळाचा उपचार किंवा दाढ काढणं, दोन्हीपैकी एक करावंच लागतं.

इथे बाजारातल्या "कीड काढणाऱ्यां"बद्दलही बोलतो. काटेरिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि ताटलीत बारीक पांढऱ्या अळ्या दाखवतात. दातात अळ्या नसतात. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात हा समज नाकारला. तोंडातले जंतू साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात झिजतो, हे विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडलं. ताटलीत दिसतं ते बियांतलं असतं किंवा हातचलाखीचं. फसवणूक शंभर-दोनशे रुपयांची आहे असं वाटतं. खरी किंमत उशिराची असते.

दुसरा प्रकार. सकाळी उठल्यावर जबडा जड, कानापुढे दुखतं, तोंड उघडताना कट्कन आवाज येतो, कधी डोकंही धरतं. हा जबड्याच्या सांध्याचा आणि स्नायूंचा त्रास. आपल्या भागात याची कारणं ओळखीची आहेत. एका बाजूची दाढ गेलेली आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच बाजूने भाकरी चावणं. हंगामात दाताने ऊस सोलणं. काळजीने रात्री दात आवळणं. दोन आठवडे मऊ खा, भात-वरण, भिजवलेली भाकरी. ऊस, सुपारी, फुटाणे बंद. दिवसातून दोन-तीनदा सुती कापडाने कोमट शेक. जांभई देताना हनुवटीखाली हात. दिवसा ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना टेकलेले नसावेत, ही सवय लावा. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. नाहीच पडला तर रात्री घालायची पट्टी बनवून मिळते. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना लागते.

जेवायला बसलं की जबड्याखाली गोळा येतो, तासाभराने ओसरतो, असं असेल तर लाळेच्या ग्रंथीत खडा असू शकतो. वाकल्यावर गाल आणि वरच्या दाढा जड होत असतील, नाक चोंदलं असेल, तर सायनस पाहावं लागतं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही दाराच्या बाहेर जाईपर्यंत विसरू नका. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा आले. डावा जबडा. दात मजबूत. मी विचारलं, कधी दुखतं? म्हणाले, "स्टेशनचा पूल चढताना. थांबलो की थांबतं." मी तोंड तपासणं तिथेच थांबवलं आणि त्यांना ईसीजीला पाठवलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा होता. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, आज ते नातवाला शाळेत सोडतात. चालताना, चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं जबड्याचं दुखणं हृदयाचं असू शकतं. सोबत घाम, धाप, मळमळ, हात भरून येणं असेल तर १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. "गॅस झाला असेल" म्हणून घरात बसवून ठेवू नका.

चौथी गोष्ट मिश्री, गुटखा आणि सुपारीची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तो कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. एक ताई आठ महिने लवंग लावत होत्या. घरच्यांना सांगायची लाज, पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायचा संकोच. माझ्याकडे आल्या तेव्हा ओठ बधिर झाला होता. त्यांचा अर्धा खालचा जबडा काढावा लागला. सुरुवातीला ती गाठ दुखत नव्हती, म्हणूनच कुणी पाहिली नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहा. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, ओठ बधिर वाटत असेल, तर तपासणी करून घ्या. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे पुण्यात ससून आहे. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

काही गोष्टी करू नका. सुजलेल्या गालावर गरम शेक नको. हिरडीवर गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवू नका, चामडी भाजते. सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना, ताप आला, तर रात्र काढू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.

रमजानमध्ये अनेक जण महिनाभर दुखणं अंगावर काढतात. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

शेवटची विनंती पुरुषांना. घरातली बाई गालाला हात लावून भाकऱ्या थापत असेल, तर तिला विचारा, कधी दुखतं? आणि उत्तर पूर्ण ऐका. मी एकदा ऐकलं नव्हतं. एका खालांची चांगली दाढ त्यात गेली, आणि ती मला परत देता आली नाही.