सूचीकाराचं काम

ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते, आणि दिंड्यांत तुकोबांचे अभंगही गायले जातात. गाथेत ते साडेचार हजारांवर आहेत. हवा तो अभंग अकारविल्हे सूचीत सापडतो, पण पहिला चरण आठवला तरच. मोबाइलवर शब्द टाकला की झालं, असं कुणी म्हणेल. मात्र साध्या शोधात ‘विठ्ठल’ लिहिलं, तर नुसता ‘पांडुरंग’ किंवा ‘पंढरीनाथ’ असलेले अभंग निसटतात, कारण तिथे फक्त अक्षरं जुळवली जातात. जाणकार सूचीकार ग्रंथ समजून वाचतो, ही नावं एकमेकांशी जोडतो, ओझरते उल्लेख गाळतो. खर्च होतो, हे खरंच. पण शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तिचा आधार अभ्यासक अजूनही घेतात. प्रकाशकांनी छपाईच्या हिशेबातच सूचीकाराचं मानधन धरावं.