शेरा वेळेवर मिळाला तर



१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. संसारात शिक्षण राहून गेलेल्या गृहिणी, कामगार, शेतकरी यांना पदवीची वाट मोकळी झाली. ती कशी झाली, हे आपण अभिमानानं सांगतो. पण तिशी-चाळिशीतल्या या विद्यार्थ्यांचं लिखाण आपण तपासतो कसं, याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

दूरशिक्षणात रोजचा वर्ग नसतो. शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची खरी गाठ पडते ती स्वाध्यायात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के भार असतो. ते तपासून, शेरे लिहून परत द्यावेत, हा मूळ हेतू. पण कुठल्याही अभ्यासकेंद्रावर गठ्ठा मोठा आणि तपासणारा एकटा असला, की गुण तेवढे नोंदले जातात आणि स्वाध्याय कपाटात राहतो.

समजा, एका अंगणवाडी सेविकेनं कुपोषणाच्या कारणांवर उत्तर लिहिलंय. गरिबी, अज्ञान, अस्वच्छता, सगळं गाइडातलं. त्यावर लाल शाईत ‘मुद्दे त्रोटक’ एवढंच लिहून दहापैकी पाच दिले, तर तिनं पुढं करायचं काय? त्याऐवजी असं लिहावं : ‘तुम्ही दर महिन्याला मुलांची वजनं घेता. पावसाळ्यात कोणाचं वजन घटलं? त्या दिवसांत घरी रांधायला कोण होतं? एका मुलाचं उदाहरण घेऊन दुसरा मुद्दा पुन्हा लिहा.’ चार ओळीच, पण त्यांत तिच्या अनुभवाला मान आहे आणि हाताला कामही. प्रौढ विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते उत्तरात आणायला शिकवणं, हेच त्याच्या शिक्षकाचं मोठं काम, असं मी मानतो.

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही दिलं. नुसता शेरा मिळालेल्यांची प्रगती झाली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. ती शाळकरी मुलं होती, हे खरं. पण पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा पेन हाती धरणाऱ्या माणसाची नजरही आधी आकड्यावरच जाते. म्हणून शेरा आधी द्यावा, दुरुस्तीला आठवडाभर द्यावा आणि गुण मग कळवावेत. परीक्षा झाल्यावर आलेला शेरा कितीही चांगला असला, तरी वाया जातो.

प्राध्यापक मित्रांनो, गठ्ठा मोठा असेल तर प्रत्येक स्वाध्यायावर एकच सूचना लिहा, पण ती करता येण्याजोगी लिहा. आणि विद्यार्थी श्रोत्यांनो, तपासलेला स्वाध्याय केंद्रावरून मागून घ्या. शेरा कळला नाही, तर संकोच न करता विचारा. तो तुमचा हक्क आहे.